इतिवृत्त वाचून कायम

वहिनी कागदाच्या रिमांवर बसल्या त्या बसल्याच. साडेअकरा वाजले होते. हातात पुस्तकाच्या शेवटच्या पानाचं प्रूफ, चष्मा कपाळावर ढकललेला, आणि थप्पी उंच असल्यामुळे पाय जमिनीपासून वीतभर वर. धाकट्याला, म्हणजे छापखानावाल्या माझ्या धाकट्या भावाला, त्याच रिमा मशीनवर चढवायच्या होत्या. तो दोनदा खाकरला, घड्याळाकडे पाहून झालं, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, तू सांग वहिनींना. माझा सगळा कागद त्यांच्याखाली आहे."

मी कसली सांगतेय. सकाळपासून माझंच चित्त थाऱ्यावर नव्हतं.

आठवडाभर आमची सगळ्यांचीच ती गत होती. आमच्या ग्रामीण मंडळाचा इतिहास छापून होत होता. अकरा गावांचं मंडळ, ऐंशी वर्षं चाललं, आणि मोडून पन्नास वर्षं झाली. नकाशावरून त्याचं नाव गेलं, कचेरीच्या जागी गॅरेज आलं, आणि आता त्याच नावाचं दोनशे चाळीस पानांचं पुस्तक निघणार होतं. धाकट्याच्या छापखान्यात फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे छापील ताव, एकामागून एक उतरत होते. ओल्या शाईचा वास बाइंडिंगच्या खोलीपर्यंत येत होता. एकेक फर्मा दुमडून आला की आम्ही म्हातारी माणसं त्यावर तुटून पडायचो. हा बघ रस्त्याचा रोलर. अख्ख्या मंडळात एकच, आणि तो आधी कुठल्या गावाने न्यायचा यावरून दोन ठरलेली लग्नं मोडली होती. हा चौदा विहिरींचा तक्ता. हा कुत्र्यांच्या परवान्यांचा, ज्यात आमच्या काकांचं नाव कुत्र्याच्या रकान्यात पडलं होतं आणि कुत्र्याचं काकांच्या, आणि वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही. हे फिरतं वाचनालय. चार चाकांचं कपाट, एकदा उतारावर सुटलं आणि ठरल्या दिवसाच्या दोन दिवस आधी पुढच्या गावात जाऊन पोचलं.

हे सगळं लिहिलं आमच्या मास्तरणीने. मास्तरीण म्हणजे भाऊची सून. भाऊ माझा थोरला भाऊ, आणि वहिनी त्याची बायको. पोरगी शाळेत इतिहास शिकवते. चार वर्षं तिने जुनी दप्तरं उपसली, धुळीने शिंकून शिंकून बेजार झाली, पण रोलर कुठल्या साली आला हे शोधून काढल्यावर रात्रभर झोपली नव्हती म्हणे.

सगळं आनंदात चाललं होतं. अडलं शेवटच्या वाक्यावर.

"पाच विरुद्ध पाच अशी समसमान मते पडल्यावर सभापतींच्या निर्णायक मताने ग्रामीण मंडळ शहरात विलीन करण्याचा ठराव संमत झाला."

सभापती म्हणजे वहिनींचे वडील, आबा. ज्या इतिवृत्तावरून हे वाक्य घेतलं ते लिहिणारे मंडळाचे चिटणीस, म्हणजे आमचे वडील, दादा. दोघे व्याही. आणि पुस्तक लिहिणारी वहिनींची सख्खी सून. एका वाक्यात आमचं अर्धं घर येऊन बसलं होतं.

वहिनींचं म्हणणं साधं होतं. ते वाक्य काढा. नाही काढलं तर रविवारच्या प्रकाशनाला मी येणार नाही, आणि नंतर तुमच्या घरात किती दिवस राहायचं तेही बघीन. पंचाहत्तराव्या वर्षी बाई घर सोडायची भाषा करते तेव्हा एरवी हसू आलं असतं. त्या दिवशी कुणाला आलं नाही. मंडळ मोडलं तेव्हा वहिनींच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या 'मंडळमोड्याची लेक' झाल्या. भाजीच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत, बायकांच्या घोळक्यात. खरं सांगायचं तर आमच्या स्वयंपाकघरातही. माझ्या आईने पोळ्या लाटता लाटता ते नाव किती वेळा घेतलं असेल, मला मोजता येणार नाही. आबांनी आमच्या घरी येणं सोडलं आणि सहा वर्षांत गेले. वहिनी प्रत्येक वेळी एकच सांगायच्या, की आबांनी मत दिलंच नाही, मला त्यांनी स्वतः सांगितलंय. आणि आमच्या घराचं उत्तरही ठरलेलं. लिहिलंय ते लिहिलंय.

वहिनी खरं बोलत होत्या. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

*

मास्तरीण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिने मला नंतर सांगितलं की त्या वेळी तिला सासूची दयाही येत होती आणि रागही. चार वर्षांत तिने एक नियम पाळला होता. कागद असेल तरच लिहायचं. गावोगावच्या आजोबांनी तिला काय काय सांगितलं होतं, एकाने तर मंडळाच्या विहिरीत मगर होती म्हणून शपथ घेतली. ते सगळं तिने गाळलं. आता सासूचं म्हणणं कागदाशिवाय घेतलं तर त्या मगरीने काय घोडं मारलं होतं? तिने हे वहिनींना जवळजवळ याच शब्दांत सांगितलं.

"म्हणजे माझे आबा आणि मगर एकच," वहिनी म्हणाल्या.

"आई, तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणतेस. मगर तरी बरी. तिला कुणी नावं ठेवत नाही."

भाऊ कटिंग मशीनशेजारच्या स्टुलावर बसला होता. आयुष्यभर त्याने जमिनी मोजल्या, आणि बोलणं तो जमिनीपेक्षाही मोजून करतो. बायको एकीकडे, सून दुसरीकडे, वडिलांची सही मध्ये. त्याने पुढे मला सांगितलं की तो मनात आठवत होता, 'लिहिलंय ते लिहिलंय' हे आपण स्वतः बायकोला किती वेळा म्हणालो. त्याला तीन वेळा स्पष्ट आठवत होतं, आणि तिन्ही वेळा ती जेवत होती.

धाकटा मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. तो म्हणाला, मला शेवटचा फर्मा तीन वाजता मशीनवर हवा. बाइंडरला दोन दिवस लागतात. आणि दादांनी सव्वीस वर्षं इतिवृत्त लिहिलं, त्यात एक ओळ खोटी निघाली नाही. आज कुणाच्या रुसण्यासाठी मी ती खोटी पाडणार नाही. त्याने ती वहीही आणून टेबलावर ठेवली. लाल कापडी पुठ्ठ्याची, मंडळाची शेवटची वही. बाकीच्या सगळ्या वह्या शहराच्या दप्तरखान्यात गेल्या. ही एकटी दादांनी दिली नाही. विचारायला आले त्यांना ते म्हणाले होते, हिच्यातलं शेवटचं इतिवृत्त वाचून कायम झालेलं नाही, कायम न झालेलं दप्तर मी कुणाच्या हातात देत नसतो. लोक म्हणाले, चिटणीस चक्रम आहे. घरात आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि पाहुणे आले. मंडळाच्या अकरा सदस्यांपैकी दोघेच हयात होते, आणि त्यांचा फोटो मागच्या कव्हरवर घ्यायचा म्हणून मास्तरणीने त्यांना बाराला बोलावलं होतं. नव्वद वर्षांचे गुरांचे डॉक्टर, कोट घालून, दाढी ताजी. त्यांच्या मागून सुईणबाई, मंडळावर निवडून आलेली पहिली आणि शेवटची बाई, शहाऐंशीची, काठी हातात पण टेकायला नाही, दुसऱ्याला दाखवायला. एके काळी त्यांनी एकमेकांविरुद्ध मतं दिली होती आणि त्यानंतर बोलणं टाकलं होतं. आता एका रिक्षातून आले, ते केवळ रिक्षा एकच पाठवली होती म्हणून.

सुईणबाईंनी वहिनींना रिमांवर बसलेलं पाहिलं आणि विचारलं, "हिला तिथे का चढवलंय? फोटोला?"

वहिनींनी प्रूफ त्यांच्या हातात दिलं. वाचताना सुईणबाईंचे ओठ हलत होते. डॉक्टरांनी खांद्यावरून डोकावून वाचलं. मग डॉक्टर अगदी सहज म्हणाले की मत कसं दिलं ते आपल्याला ठाऊक नाही. सभापती उठले, खाली वाकून चिटणिसांच्या कानात काहीतरी बोलले, आणि दारातून 'सभा तहकूब' म्हणून निघून गेले.

"समाप्त," धाकटा म्हणाला. "वहीत 'सभा समाप्त' लिहिलंय."

"वहीत काय लिहिलंय ते मी पाहिलं नाही," डॉक्टर म्हणाले. "मी कानांनी ऐकलेलं सांगतो. तहकूब म्हणाले. मला तेव्हाच खटकलं होतं. ठराव झाला, मंडळ मोडलं, मग तहकूब कशाची करतो हा माणूस?"

"तहकूबच म्हणाले," सुईणबाई म्हणाल्या. "म्हणून तर मी चहा ठेवून उठले. परत बोलावतील म्हटलं."

मास्तरणीच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं. शिकारी कुत्र्याने कान टवकारावेत तशी ती झाली. तिने विचारलं की मग पन्नास वर्षं हे कुणाला सांगितलं का नाही. डॉक्टर म्हणाले, निकाल सरकारने वर्तमानपत्रात छापला, कानात काय झालं ते दोघांनाच ठाऊक, आपल्याला वाटलं मत दिलं असेल. आणि वहीचं म्हणाल तर ती वाचून दाखवतात पुढच्या सभेत. पुढची सभा होती कुठे?

धाकटा म्हणाला की नव्वदाव्या वर्षीच्या कानांवर तो पान बदलणार नाही, कागद तो कागद. भाऊ म्हणाला, "हं." आणि सगळे पुन्हा वहीकडे बघायला लागले. उघड्या पानावर दादांची सही होती, आणि सहीच्या वरचं सगळं अक्षर माझं होतं.

मी वही माझ्याकडे फिरवली.

*

"ते पान सभेच्या आदल्या दिवशी लिहिलेलं आहे," मी म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. मग मी खुर्ची ओढली आणि बसून सांगितलं.

दादांची एक पद्धत होती, आणि ती फक्त मला आणि आईला ठाऊक होती. ते इतिवृत्त सभा व्हायच्या आधीच तयार करायचे. सव्वीस वर्षं त्याच माणसांना ऐकल्यावर कोण काय बोलणार ते त्यांना पाठ झालं होतं. डॉक्टर गुरांच्या दवाखान्यावर बोलणार, सुईणबाई रस्त्याच्या दिव्यांवर, आणि एक गृहस्थ प्रत्येक ठरावाला 'आधी विचार व्हावा' म्हणून मग हात वर करणार. दादा संध्याकाळी येरझाऱ्या घालत सांगायचे, मी शाईने उतरवायची. मतांच्या आकड्यांपुरती जागा मोकळी. सभा झाली की ते आकडे भरायचे आणि सही ठोकायचे. काही चुकलंच तर पुढच्या सभेत वाचताना कुणीतरी उठून सांगायचं आणि दादा समासात तांबड्या शाईने दुरुस्ती करायचे. सव्वीस वर्षांत सात वेळा. त्या सातचाच त्यांना अभिमान होता.

डॉक्टरांनी कोटाचं बटण लावलं आणि काढलं. सुईणबाई म्हणाल्या, "म्हणजे मी दिव्यांवर बोलायच्या आधीच माझं भाषण झालेलं असायचं?"

"आणि जास्त चांगलं असायचं," मी म्हणाले.

शेवटच्या सभेच्या आदल्या दिवशी दादांनी जागा मोकळी सोडली नाही. आबांनी त्यांना व्याही म्हणून घरी येऊन सांगितलं होतं, की पाच-पाच होणार, आणि झालं तर मी बाजूने देणार. दादांनी मला तसंच लिहायला सांगितलं, सहीही तेव्हाच केली, आणि सरकारकडे पाठवायची प्रतही माझ्याकडून करून घेतली.

सभा वर माडीवर होती. मी खालच्या खोलीत प्रत घेऊन बसले होते. सरकारी साहेब गाडी घेऊन दारात उभे. आबा एकटेच जिना उतरले. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे न बघता निघून गेले. वर गलका चाललेला. साहेबांनी घड्याळ काढलं आणि मला विचारलं, इतिवृत्त तयार व्हायला किती वेळ लागेल, दोन दिवस?

मी तेवीस वर्षांची होते. अक्षर सुंदर आहे असं सगळे म्हणायचे. मी उठून म्हणाले, "तयारच आहे साहेब." आणि दिलं.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि दादा खाली आले. त्यांनी विचारलं, प्रत कुठे आहे. मी सांगितलं. त्यांनी जिन्याचा कठडा धरला. इतकंच म्हणाले, आबांनी मत दिलं नाही, पुढच्या सभेत दुरुस्त करू. पंधरा दिवसांत सरकारचा हुकूम आला, मंडळ विसर्जित. पुढची सभा झाली नाही. वही सभेबाहेर दुरुस्त करायची नाही हा दादांचा स्वतःचाच नियम, तो त्यांनी मोडला नाही. सरकारला लिहायचं तर आदल्या दिवशीची गोष्ट सांगावी लागली असती, आणि प्रतीवरचं अक्षर कुणाचं तेही. मला शहराच्या कचेरीत नोकरी लागायची होती. लागली. चौतीस वर्षं केली.

"दादा गप्प बसले ते माझ्यासाठी," मी म्हणाले. "आणि मी बसले ते माझ्यासाठीच."

धाकटा पहिला बोलला. तो म्हणाला, तू दादांना त्यांच्या माघारी खोटं पाडतेस. आवाज चढलेला होता. भाऊने स्टुलावरून न उठता त्याला थांबवलं.

"दादांनी ती वही दिली का नाही कुणाला?" भाऊ म्हणाला. "ती खोटी आहे हे त्यांना ठाऊक होतं म्हणून. गप्प बस आता."

भाऊच्या तोंडून एकदम एवढी वाक्यं आल्यावर धाकटा खरोखरच गप्प बसला.

वहिनी रिमांवरून खाली उतरल्या. कुणाचा हात न धरता. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आम्ही दोघी एका घरात सुना-लेकी म्हणून राहिलो, एका ताटात जेवलो, माझ्या आजारपणात त्यांनी माझी वेणी घातली. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "माझी सासू गेली त्या दिवशी मी तिचे पाय चेपत होते. शेवटपर्यंत ती मला मंडळमोड्याचीच म्हणाली. तुम्ही उशाशी होता."

"होते."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि प्रूफ माझ्या हातात ठेवलं. "आता काय करायचं ते करा."

*

काय करायचं ते मास्तरणीला आधीच सुचलं होतं. ती आमच्या आसवांकडे बघतसुद्धा नव्हती. ती छापून झालेल्या चौथ्या फर्म्यातली मंडळाची नियमावली भराभर उलटत होती. इतिवृत्ताची दुरुस्ती सभेतच होऊ शकते, ती म्हणाली. मग सभाच घ्यायची.

डॉक्टर म्हणाले, गणपूर्तीला चार लागतात. आपण दोघं.

"नियम एकवीस," मास्तरीण म्हणाली. तिने बोट कागदावर टेकवलं. "'तहकूब झालेली सभा पुन्हा भरल्यास तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.' ती सभा तहकूब आहे. पन्नास वर्षं तहकूब आहे."

मग जो गोंधळ उडाला तो काय सांगू. धाकट्याच्या कामगारांनी बाइंडिंगचं टेबल रिकामं केलं. डॉक्टर एका बाजूला, सुईणबाई समोर, जशा माडीवर बसायच्या तशाच. भाऊने हातांनी अंतर मापून खुर्च्या सरळ केल्या. मी चिटणिसांच्या जागी, कारण वही माझ्या अक्षरातली. मशीनवरची दोन पोरं सोडून सगळा छापखाना दारात. सुईणबाईंनी विचारलं, सभापती कोण? मास्तरणीने नियम नऊ काढला. सभापती नसतील तर उपस्थितांपैकी एकाला त्या सभेपुरतं अध्यक्ष करावं. डॉक्टरांनी वहिनींचं नाव सुचवलं.

"ती सदस्य कुठे आहे?" सुईणबाई म्हणाल्या.

"'उपस्थितांपैकी' लिहिलंय," डॉक्टर म्हणाले. "ती उपस्थित आहे. आम्ही यायच्या आधीपासून."

सुईणबाईंनी काठीने अनुमोदन दिलं. वहिनी टेबलाच्या टोकाला बसल्या. पदर सारखा केला, चष्मा खाली घेतला. बसणं थेट आबांचं. डॉक्टरांनाही ते दिसलं असावं, कारण ते उगाचच उठून पुन्हा बसले.

मी इतिवृत्त वाचलं. शेवटच्या दोन ओळींना डॉक्टर आणि सुईणबाई एकदमच म्हणाले, चूक. तांबडी शाई कुठून आणायची, असा प्रश्न पडला. धाकटा इतका वेळ दाराला टेकून, हाताची घडी घालून उभा होता. तो आत गेला आणि प्रूफं तपासायचा आपला तांबडा पेन घेऊन आला. माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, "समासात लिही. दादा समासात लिहायचे."

मी समासात लिहिलं. 'सभापतींनी निर्णायक मत दिले नाही. सभा तहकूब केली.' वहिनींनी विचारलं, दुरुस्तीसह इतिवृत्त कायम? दोन हात वर झाले. दारात कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळेच वाजवायला लागले. भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. अडीच वाजले होते. धाकटा म्हणाला, वाक्य बदला, फर्मा चढवतो.

आणि सुईणबाई म्हणाल्या, "थांबा. मग ठराव?"

कुठला ठराव?

"विलीन करायचा. सभापतींनी मत दिलं नाही, सभा तहकूब झाली, आज भरली. ठराव टेबलावरच आहे की. मतास टाका. मी पन्नास वर्षं थांबले आहे."

हसावं की काय ते कुणालाच कळेना. डॉक्टर मात्र अतिशय गंभीरपणे म्हणाले की मुद्दा बरोबर आहे. वहिनींनी मास्तरणीकडे पाहिलं, मास्तरणीने मान हलवली, आणि वहिनींनी ठराव मतास टाकला. बाजूने? डॉक्टर. विरुद्ध? सुईणबाई, काठीसकट.

एक विरुद्ध एक.

सगळे वहिनींकडे बघत होते. मला तर त्यांच्याकडे बघवेना. मी म्हणाले, वहिनी, नाही दिलं तरी चालेल. भाऊही पुटपुटला, जाऊ दे आता, झालं तेवढं पुरे.

वहिनींनी समोरच्या वहीवर हात ठेवला.

"आबांनी मत दिलं नाही हे मी सगळ्यांना सांगत आले," त्या म्हणाल्या. "का दिलं नाही ते कुणाला सांगितलं नाही. ते घाबरले. व्याह्यांना एक शब्द दिलेला, गावाला दुसरा. मला म्हणाले, पोरी, मला ठरवता येईना, म्हणून उठून आलो. त्याचीच त्यांना लाज वाटत होती. लोकांच्या नावं ठेवण्याची नाही." मग त्या सुईणबाईंकडे वळल्या. "माझा पहिला तुम्ही सोडवलात. दुसरीच्या वेळी म्हणालात, माझ्या हाताबाहेर आहे, शहरात न्या. आठवतं? मंडळ होतं तेव्हा शहराची दवाखान्याची गाडी हद्दीच्या दगडाला थांबायची. मोडून सहा महिने झाले होते म्हणून ती आमच्या दारात आली. मी आणि माझी लेक दोघी त्या गाडीमुळे आहोत."

सुईणबाईंनी काठी मांडीवर आडवी घेतली. म्हणाल्या, "दिवे मात्र गेले हो आमचे. पाच वर्षं अंधार होता रस्त्याला."

"तेही लिहा," वहिनी मला म्हणाल्या. मग मान ताठ करून, छापखान्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझं मत ठरावाच्या बाजूने."

धाकट्याने विचारलं, हे आता पुस्तकात छापायचं? वहिनी म्हणाल्या, अर्थात. मंडळ कुणी मोडलं असं विचारलं तर नाव तरी खरं असू दे.

मी पेन उचलला. तारीख लिहिली, आजची. मतांचे आकडे लिहिले. आणि 'अध्यक्षांच्या निर्णायक मताने' असं लिहून थांबले. पन्नासहून जास्त वर्षं मी त्यांना वहिनी म्हणत आले, आणि कागदावर लिहायला मला त्यांचं नाव विचारावं लागत होतं.

"कुठलं लिहू?" मी विचारलं. "सासरचं की माहेरचं?"

भाऊने खिडकीतून मान वळवली. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, जरा हसल्या, आणि मग मला एकेक अक्षर सावकाश सांगत आपलं माहेरचं पूर्ण नाव सांगितलं, मधल्या आबांच्या नावासकट. ते मी लिहिलं, आणि चूक नको म्हणून वाचून दाखवलं.